फोटोतली वहिनी

माझी वहिनी इस्त्रीवाली. हे तिचं काम आणि गल्लीत हेच तिचं नाव. लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी तिच्याहून लहान होते, पण तोंड माझं मोठं होतं. पहिल्याच आठवड्यात मी तिला भाजी कशी चिरायची ते शिकवायला गेले. तिने सुरी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "वन्सं, तुम्हीच करून दाखवा." सगळी भाजी मीच चिरली. तेव्हापासून ती मला वन्सं म्हणते आणि अहोजाहो करते. त्यात मान किती आणि चेष्टा किती, हे मला अजून उमगलेलं नाही. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही, म्हणून आम्ही दोघी अजून एकाच घरात आहोत.

दुकानही दोघींचं. आत शिरलं की डाव्या हाताला तिचं टेबल, त्यावर जाड घोंगडी आणि वर ताणून बसवलेली पांढरी चादर. उजव्या हाताला माझं शिवणयंत्र. मी पँटचे पाय आखूड करते, चेन बदलते, उसवलेलं शिवते. ती इस्त्री गालाजवळ नेऊन तापलीय का बघते, पाण्याचा एक शिपका मारते आणि कॉलरपासून सुरुवात करते. अंगाने भरलेली, दंडाने दणकट, आणि जिभेला हाड नाही. गिऱ्हाईक जास्त वेळ बोलत बसलं तर म्हणते, "तुम्ही बोला, पण शर्ट काढून द्या, तोवर तोही होईल."

तिची एक पद्धत होती आणि सगळी गल्ली त्या पद्धतीला सरावली होती. तिच्याकडे पावती नाही, नंबर नाही. प्रत्येक घराच्या कपड्यांतला एक कपडा तिने ठरवून ठेवलेला, त्याला ती निशाणी म्हणायची. गठ्ठा तयार झाला की त्या घराची निशाणी दुकानाच्या दर्शनी तारेवर टांगायची. कोपऱ्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांचा पोपट छापलेला शर्ट. तो त्यांना मुलाने परदेशातून पाठवला होता आणि ते तो घालून फिरायचे हे धाडसच म्हणायचं. बेकरीवाल्याचा निळ्या पट्ट्याचा एप्रन. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा सूर्यफुलांचा पडदा. येणारा-जाणारा मान वळवून तारेकडे बघायचा, आपली निशाणी दिसली की आत यायचा, नाही दिसली की पुढे जायचा. "झालं का?" हा प्रश्न आमच्या दुकानात कुणी विचारत नसे.

आता दादाबद्दल सांगायला हवं, त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दादा लिफ्ट बसवायचा. नवीन इमारती जिथे उभ्या राहतील तिथे जायचा, महिनोन्महिने बाहेर राहायचा. एकदा परत आला तो खंगून. ताप हटेना, तोंड आतून सोलवटलेलं. रक्त तपासलं आणि एड्स निघाला. त्याने वहिनीला स्वतः सांगितलं, जिन्याच्या पायरीवर बसून. कुठून झाला तेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि त्या दिवशी स्वयंपाक केला नाही, एवढंच. मला दादाचा राग आला होता. तो राग आजही आहे, आणि दादा नाही याचं दुःख त्या रागाहून मोठं आहे. दोन्ही एकाच मनात कसं राहतं ते मला विचारू नका.

त्या काळी टीव्हीवर या रोगाची जाहिरात लागायची. काळा पडदा, ढोलाचे ठोके, मग एक सांगाडा हात पुढे करायचा आणि घोगऱ्या आवाजात कुणीतरी सांगायचं की याला औषध नाही, याला फक्त मृत्यू आहे. ढोल सुरू झाला की मी धावत जाऊन टीव्ही बंद करायची. दादा पलंगावरून म्हणायचा, "राहू दे गं, ओळखीचाच माणूस आहे." वहिनी त्याच्यावर डोळे वटारायची आणि मग आम्ही तिघंही हसायचो. घरात सांगाडा कधी आला नाही. घरात एक चिडका, बारीक झालेला माणूस होता, ज्याला सूप खारट लागायचं आणि उशी उंच हवी असायची. तो गेला तेव्हा ढोल वाजला नाही. दुपार होती, त्याने पंखा जरा हळू करायला सांगितला. मी उठून पंखा हळू केला, वळले, आणि तो गेला होता.

गल्लीला आम्ही फुप्फुसाचा आजार सांगितला. वहिनीची तपासणी झाली, तिलाही होताच. काही वर्षं तीही वाळत गेली. मग सरकारी दवाखान्यात गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही महिने तिला त्या गोळ्यांनी गरगरायचं, नंतर अंगवळणी पडल्या. हळूहळू ती भरली, मग जास्तच भरली. तिचे ब्लाउज मी आधी आत घेतले होते ते मलाच पुन्हा उसवावे लागले. इतक्या आनंदाने मी दुसरं काही उसवल्याचं आठवत नाही.

पण टीव्हीवरचा सांगाडा गेला तरी त्याचे भाऊबंद येतच राहिले. एका मालिकेत नायिकेच्या मैत्रिणीला हा रोग दाखवला. ती खिडकीशी बसून खोकायची, आणि चार दिवसांत मेलीसुद्धा. वहिनी माझ्या शेजारी बसून जेवता जेवता ते बघत होती. म्हणाली, "बघा वन्सं, हिला एक आठवडासुद्धा काढता आला नाही. हिच्याकडे कपड्यांचा ढीग पडलेला नसणार."

दवाखान्यात गोळ्या देण्याआधी एक समुपदेशक बाई सगळ्यांशी बोलायच्या. त्यांनीच एकदा विचारलं, की एका वर्तमानपत्रातली मुलगी या रोगावर लिहितेय, बोलाल का? नाव बदलतील, चेहरा झाकतील. मी घरी आल्यावर वहिनीला स्पष्ट सांगितलं, "हात दाखवून अवलक्षण कशाला? आपलं झाकलेलं आहे, झाकलेलंच राहू दे." पण तिच्या डोक्यात वेगळं होतं. ती म्हणाली, "सगळे मेलेलेच दाखवतात. नवीन कुणाला कळलं तर तो गोळ्या घ्यायच्या आधी भीतीनेच मरेल. कुणीतरी सांगायला नको का, की गोळी घ्या आणि कामाला लागा?" एवढं बोलून तिने विषय संपवला. तिने विषय संपवला की तो संपतो.

ती मुलगी आली. चुणचुणीत होती, वहीत भराभर लिहून घेत होती, आणि मला ती आवडली हे कबूल करते. वहिनीने त्या दिवसासाठी नवा ड्रेस घातला होता, केस नीट बांधले होते. बरोबर आलेल्या फोटोग्राफरने आल्या आल्या एक फोटो काढला, वहिनी इस्त्री उचलून मला काहीतरी टोमणा मारत होती तेव्हा. मग त्याने तो कॅमेऱ्यातच बघितला आणि मान हलवली. म्हणाला, "बाई, जुनं काही नाही का घालायला?" मग दिवा घालवला. शटर अर्धं खाली ओढलं. तिला स्टुलावर बसवलं, चेहरा काळा यावा म्हणून पाठ रस्त्याच्या उजेडाकडे, हात मांडीवर, आणि कॅमेरा घेऊन तो आतल्या भिंतीशी गेला.

"मान जरा खाली घाला."

"मान खाली घालून मी फक्त कॉलर करते," वहिनी म्हणाली.

"हसू नका, प्लीज."

तिने मान खाली घातली. मला ते बघवलं नाही, म्हणून मी यंत्रात दोरा ओवत बसले. चांगलं काम आहे, तासाभराचा प्रश्न आहे, असं मीच मनाशी म्हणत होते. दोघं आभार मानून गेली आणि वहिनीने दिवा लावून राहिलेले कपडे संपवले.

रविवारी ते छापून आलं. मोठ्या अक्षरांत 'मृत्यूच्या उंबरठ्यावर', आणि खाली अर्धं पान भरून फोटो. खरंच चेहरा दिसत नव्हता, नावही भलतंच होतं. लिहिलं होतं की ही विधवा एका अंधाऱ्या खोलीत थरथरत्या हातांनी दिवस ढकलतेय. वहिनीने ते दोनदा वाचलं. मग आपले हात पुढे करून बघितले. "हे हात थरथरतात?" ती म्हणाली. "थरथरले असते तर आतापर्यंत हेडमास्तरांचे पोपट भाजून निघाले असते."

गोळ्यांचं एका ओळीत आलं होतं, शेवटून दुसऱ्या.

पण फोटोत आणखी एक गोष्ट आली होती, आणि ती आमच्या दोघींच्याही उशिरा लक्षात आली. अर्ध्या शटरखालून रस्त्याचा उजेड येत होता आणि त्या उजेडात दर्शनी तार लख्ख दिसत होती. तारेवर पोपटांचा शर्ट, निळ्या पट्ट्याचा एप्रन, सूर्यफुलांचा पडदा. दुसऱ्या गावातल्या माणसाला ते नुसते कपडे वाटले असते. आमच्या गल्लीला मात्र वर्षानुवर्षं सवय होती, दुकानाकडे बघितलं की माणसाकडे नाही, तारेकडे बघायचं. सकाळी चहा पिता पिता घरोघरी पेपर उघडला गेला आणि जो तो आपापली निशाणी शोधून मोकळा झाला. बाईचा चेहरा झाकून काय उपयोग, त्यांना चेहरा बघायचाच नव्हता.

सोमवारी हेडमास्तर आले. म्हणाले, प्रवासाला निघालोय, आहेत ते कपडे द्या. इस्त्री व्हायचे होते तेही नेले. काकूंनी जावयाला पाठवलं. तो दाराबाहेरच उभा राहिला आणि पडदा लांबूनच हातात घेतला. बेकरीवाला निदान खरं बोलला. "माझा खाण्याचा धंदा आहे," तो म्हणाला, "मला कुणी विचारलं तर मी काय सांगू?" वहिनीने प्रत्येकाचा गठ्ठा नेहमीसारखा घडी घालून, वर कागद लावून दिला. आठवड्याभरात तार मोकळी झाली. इस्त्री थंड, आणि तिच्यामागून माझं यंत्रही. एक बाई पँट आखूड करायला टाकून गेली होती, ती तशीच परत घेऊन गेली. अजून वापरते का लांबच लांब, कोण जाणे.

आम्हाला दुसरा आधार नव्हता. त्या दुकानावर घर चालायचं आणि खरं सांगायचं तर वहिनीही त्या दुकानावरच चालायची. रिकाम्या टेबलापाशी ती नुसती बसली की मला दादाचे शेवटचे दिवस आठवायचे. गोळ्यांनी जे भरून आणलं होतं ते आता उतरायला लागेल अशी मला भीती वाटली, आणि ती भीती मी तिला बोलूनही दाखवली. ती म्हणाली, "चला, त्या पेपरात जाऊ."

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्या मुलीने आम्हाला लगेच ओळखलं, खुर्च्या दिल्या. ऐकून तिचा चेहरा उतरला. "पण आम्ही नाव बदललं, चेहरा झाकला," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

"चेहरा झाकलात, दुकान उघडं टाकलंत," वहिनी म्हणाली. "झालं ते झालं. आता असं करा, माझा चेहरा छापा. दिवा लावून, काम करताना. आणि लिहा की ही बाई गोळ्या घेते आणि इस्त्री करते."

मुलगी उठून आत साहेबांकडे गेली. काचेपलीकडे ती बराच वेळ बोलताना दिसत होती, साहेबांनी मात्र एकदाच तोंड उघडलं. बाहेर येऊन ती खाली बघत म्हणाली, "ते म्हणतात, यात बातमी काय?"

"मी मेले असते तर?"

मुलगी टेबलावरचे कागद सारखे करू लागली.

"तेव्हा झाली असती बातमी," वहिनी म्हणाली. रागाने नाही, एखादा डाग निघणार नाही हे गिऱ्हाइकाला सांगताना तिचा जो आवाज असतो त्या आवाजात. आम्ही निघालो. जिन्यावर ती मुलगी मागून धावत आली आणि एक पाकीट तिने वहिनीच्या हातात दिलं. आत तो पहिला फोटो होता. दिवा लागलेला, नवा ड्रेस, हातात इस्त्री, आणि मला टोमणा मारताना वेडंवाकडं झालेलं हसरं तोंड.

दुसऱ्या दिवशी वहिनीने पेपरातलं ते अर्धं पान कापून एका पुठ्ठ्यावर चिकटवलं, शेजारी हा फोटो चिकटवला आणि मला म्हणाली, "वन्सं, तुमचं अक्षर चांगलं आहे. खाली लिहा."

मी लिहायला तयार नव्हते. आमचं चांगलंच वाजलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," मी म्हटलं.

"मूठ त्यांनी उघडून दाखवलीय. आता कसले सव्वा लाख?"

"अजून काहींना माहीत नसेल."

"ज्यांना माहीत नाही त्यांचे कपडे कुठायत?" ती म्हणाली. "आत्ता लोक मला ओळखतात ते या अंधारातल्या बाईवरून. हिच्याकडे मीसुद्धा कपडे टाकले नसते."

मी ब्रश घेतला आणि ती सांगेल तसं लिहिलं: 'दोन्ही फोटोंत मीच आहे. मला एचआयव्ही आहे, गोळ्या चालू आहेत. दुकानही चालू आहे.' तिने तो पुठ्ठा दर्शनी तारेवर मधोमध टांगला. माझे हात मात्र खरोखर थरथरत होते.

लोक यायचे, पुठ्ठ्यासमोर थांबायचे, वाचायचे आणि जायचे. दोघी-तिघी हसल्या. एकाने रस्त्यावरूनच मोबाइलवर फोटो काढला. वहिनी घरातल्याच चादरी आणून इस्त्री करत बसली होती, म्हणजे हात रिकामा दिसायला नको. मी मान वर करत नव्हते. असे बरेच दिवस गेले.

मग एका सकाळी बेकरीवाला आला. पुठ्ठा सावकाश वाचला, जसं काही हिशेब तपासतोय. आत येऊन म्हणाला, "कपड्यांतून नाही ना होत?"

"कपड्यांतून होत असता तर या गल्लीत कोण उरलं असतं?" वहिनी म्हणाली. "तुमच्या कॉलरी इतकी वर्षं कोण दाबतंय?"

तो विचार करत उभा राहिला. मग म्हणाला की त्याची बायको घरी एप्रनना इस्त्री करते आणि दर वेळी त्याला चार शब्द ऐकवते, त्यापेक्षा हा रोग परवडला. बोलून गेल्यावर त्याचा त्यालाच संकोच वाटला. वहिनी इतकी हसली की तिला इस्त्री उभी करून ठेवावी लागली. दुपारी त्याने एप्रनचा गठ्ठा आणून टाकला, आणि त्याला बघून आणखी काही जण आले. सगळे नाही आले. काकूंनी पडदाच बदलला. हेडमास्तर आले नाहीत ते आले नाहीतच. त्यांचे पोपट हल्ली चुरगळलेले हिंडतात, आणि ते बघून मला जे बरं वाटतं ते वाटू नये, पण वाटतं. पूर्वीच्या निम्मं काम राहिलं. निम्म्यात भागवायला आम्ही शिकलो.

अशात एके दिवशी टळटळीत दुपारी एक अनोळखी बाई आली. या भागातली नव्हती, चपला लांबून चालत आल्यासारख्या मळल्या होत्या. ती पुठ्ठ्यासमोर उभी राहिली, पुढे गेली, परत आली, पुन्हा उभी राहिली. शेवटी आत येऊन तिने पिशवीतून पुरुषाचा एक पांढरा शर्ट काढला आणि टेबलावर ठेवला.

वहिनीने शर्ट उलगडायला हात लावला आणि थांबली. मीही यंत्रावरून बघितलं. शर्ट धुतलेला होता, कडक इस्त्री केलेला होता, बाह्यांची घडी सुरीसारखी होती. त्यात आणखी करण्यासारखं काही नव्हतं. वहिनीने माझ्याकडे एकदा बघितलं, मग शर्ट पूर्ण उलगडला, पाण्याचा शिपका मारून ती घडी मोडली आणि कॉलरपासून सुरुवात केली.

"बसा," तिने माझ्या स्टुलाकडे मान करून सांगितलं. मी उठले आणि स्टूल त्या बाईकडे सरकवलं.

ती बसली. बराच वेळ ती इस्त्रीकडे नाही, वहिनीच्या दंडांकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "तो फोटो खरंच तुमचा?"

"कोणता?"

"हसणारा."

"माझाच. तेव्हापासून आणखी जाड झालेय."

वहिनीने एक बाही संपवली, दुसरी घेतली.

"जेवण जातं तुम्हाला?"

"आमच्या वन्संना विचारा. घरात उरत नाही काही."

"मी पेपरात वाचलं होतं," ती बाई म्हणाली, "त्यात तर लिहिलं होतं की..." आणि तिने तोंडावर हात धरला. वहिनीने इस्त्री उभी केली, टेबलाला वळसा घालून गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मी बाहेर जाऊन पाणी आणलं, आणलेलं पाणी मीच थोडं प्यायले आणि पुन्हा भरून आणलं.

बाई शांत झाल्यावर वहिनीने तिला दवाखान्याचा पत्ता सांगितला, कोणत्या दाराने आत जायचं, समुपदेशक बाई कुठे बसतात ते सांगितलं. गुरुवारी मी स्वतः तिथे असते, बरोबर जाऊ, नवऱ्यालाही आण, असं सांगितलं. अहोजाहो कधी गळून पडलं ते तिघींच्याही लक्षात आलं नाही. मग राहिलेला शर्ट तिने सावकाश पुरा केला, घडी घातली, वर कागद लावला आणि पैसे घेतले. बाई पिशवी सावरून उठली.

"गुरुवारी ये," वहिनी म्हणाली. "आणि येताना मळलेले कपडे आण. इथे स्वच्छ होऊन यायची गरज नाही."